भांडण त्यांचं, बाजार सगळ्यांचा

२०२५च्या सप्टेंबरातली ८ तारीख. काठमांडूच्या नया बानेश्वर भागात संसद भवनासमोर पोरं जमली होती, कित्येक तर शाळा-कॉलेजच्या गणवेशातच. सरकारनं चार दिवसांपूर्वी फेसबुक, यूट्यूब, एक्स, व्हॉट्सॲप अशी २६ समाजमाध्यमं बंद केली होती. पुढाऱ्यांच्या मुलांची चैन आणि बाकीच्यांच्या नशिबी आखातातली मजुरी, हा राग त्याआधीपासून साठलेला होता. त्या एका दिवसात १९ जण मारले गेले. दुसऱ्या दिवशी संसद, सरकारचं सचिवालय असलेला सिंहदरबार आणि सर्वोच्च न्यायालय पेटलं, पंतप्रधान ओली पायउतार झाले. मग जे घडलं ते जगात कुठेच घडलेलं नव्हतं. डिस्कॉर्ड या व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या ॲपवर हजारो तरुण जमले आणि देशाचा कारभार कुणाकडे द्यावा यावर त्यांनी वाद घातला, मतं घेतली. त्यातून माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव पुढे आलं. १२ तारखेला त्यांनी शपथ घेतली, नेपाळच्या पहिल्या महिला पंतप्रधान म्हणून.

देवगड-रत्नागिरीच्या आंबा बागा राखायला नेपाळी माणसं आहेत, कोकणातल्या मासेमारी बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकांवर तर आहेतच. म्हणजे ही आपल्या दारातली बातमी होती. दोन दिवस ती समाजमाध्यमांवर तशी दिसलीही.

१० तारखेला, आपल्याकडे मध्यरात्र व्हायला आली असताना, अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ओरेम इथे विद्यापीठाच्या आवारात चार्ली कर्क या ३१ वर्षांच्या उजव्या प्रचारकाला गोळी घातली गेली. गोळी लागतानाची चित्रफीत न मागता मोबाइलवर येऊन पडली. सकाळी पाहतो तर माझ्या फीडवरून नेपाळ जवळजवळ हटलं होतं. आदल्या दिवसापर्यंत कर्कचं नावही ज्यांना ठाऊक नसावं, असे मराठी मित्र तो हुतात्मा की विद्वेषाचा व्यापारी यावर हिरिरीनं भांडत होते. एकजण बंदूक बाळगण्याच्या अमेरिकी हक्काबद्दल लिहीत होता, दुसरा तिथल्या विद्यापीठांतल्या डाव्यांबद्दल. काठमांडूत लष्कराची संचारबंदी होती, एका देशाचं सरकार चॅटवर ठरत होतं, आणि तिकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

कर्कचा खून ही लहान बातमी होती असं मला म्हणायचं नाही. राजकीय खून कुठेही मोठाच. पण अमेरिकेतली मोठी बातमी आली की बाकी जगाचा फळा पुसला जातो, आणि तिथली लहानसहान बातमीसुद्धा बाकीच्यांच्या मोठ्या बातम्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहते, हे अधूनमधून नाही, रोज होतं. २०२५च्या जानेवारीत ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतल्यावर आठवड्याभरात काँगोमधलं गोमा हे मोठं शहर एम-२३ बंडखोरांनी घेतलं. आपल्यातल्या किती जणांना ते कळलं?

यावर एक तयार उत्तर असतं: अमेरिका महासत्ता आहे, तिथे जे ठरतं त्याचे परिणाम सगळ्यांवर होतात, म्हणून सगळे तिकडे पाहतात. हे खोटं नाही, पण पुरेसं नाही. अमेरिका १९७५ सालीही महासत्ता होती. तेव्हा मुंबईतल्या वर्तमानपत्राचा संपादक वॉशिंग्टनला किती रकाने द्यायचे हे आपल्या वाचकाकडे पाहून ठरवायचा. आज ते ठरवणारी यंत्रणा वेगळी आहे आणि तिचा हिशेबही वेगळा आहे.

हा हिशेब एकदा कागदावर दिसायचा. मेटा कंपनी आपल्या गुंतवणूकदारांना दर तिमाहीला एक तक्ता देत असे, फेसबुकच्या एका वापरकर्त्यामागे कुठल्या भागात किती उत्पन्न मिळालं याचा. २०२३च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिका-कॅनडातल्या माणसामागे ६८ डॉलर ४४ सेंट मिळाले होते. आशिया-प्रशांत भागातल्या माणसामागे ५ डॉलर ५२ सेंट. फेसबुकचे सर्वाधिक वापरकर्ते भारतात आहेत, पण धंद्याच्या दृष्टीनं आपण बाराजण मिळून एक अमेरिकी माणूस होतो. हा तक्ता २०२४पासून बंद झाला. भाव मात्र तसेच असणार.

त्यात अमेरिकेचं राजकारण या धंद्याला फारच सोयीचं आहे. ते इंग्रजीत चालतं. मोठे पक्ष दोनच, त्यामुळे बाजू निवडायला डोकं लागत नाही. आणि निवडणूक कधी संपतच नाही: प्रतिनिधिगृह दर दोन वर्षांनी, त्याआधी उमेदवारीच्या लढती, त्याआधी त्या लढतींसाठीची वर्गणी. ब्रिटनमध्ये २०२४ साली निवडणूक जाहीर झाल्यापासून सहा आठवड्यांत सगळं उरकलं. अमेरिकेत तेवढा वेळ एखाद्या वादचर्चेच्या आधीच्या चर्चेला लागतो. त्यात फेसबुकनं २०१७ साली संतापाच्या चेहऱ्याला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिलं होतं. पुढे ते कमी केलं, पण तोवर पुढारी आणि पक्ष काय शिकायचं ते शिकले होते. कंपनीच्या बाहेर आलेल्या कागदपत्रांत नोंद आहे की पोलंडमधल्या एका पक्षाच्या माणसांनी सांगितलं, आधी आमच्या निम्म्या पोस्ट सकारात्मक असायच्या, तुम्ही नियम बदलल्यापासून शंभरातल्या ऐंशी नकारात्मक झाल्या.

*

हे सगळं जगात सर्वांत आधी कुणाला नीट उमगलं असेल, तर मॅसेडोनियातल्या वेलेस गावच्या पोरांना.

वेलेस हे वर्दार नदीकाठचं पंचेचाळीसेक हजार वस्तीचं गाव. युगोस्लाव्हिया होता तेव्हा मार्शल टिटोच्या नावानं त्याला टिटोव्ह वेलेस म्हणत. गावात चिनीमातीच्या भांड्यांचा नावाजलेला कारखाना होता. युगोस्लाव्हिया फुटला, कारखाने बंद पडत गेले, तरुण पोरं कॅफेत बसून राहू लागली. २०१६च्या नोव्हेंबरात, अमेरिकी निवडणुकीला काही दिवस उरले असताना, बझफीडच्या बातमीदारांनी शोधून काढलं की या एका गावातून अमेरिकेच्या राजकारणावरची किमान १४० संकेतस्थळं चालतात. नावं अशी की वाटावं ओहायोतल्या कुणा कट्टर देशभक्तानं काढली आहेत. चालवणारे बहुतेक विशीतले किंवा त्याहून लहान.

त्यांची पद्धत साधी होती. अमेरिकेतल्या उजव्या संकेतस्थळांवरचा मजकूर उचलायचा, मथळा आणखी भडक करायचा, खोट्या नावाच्या खात्यांवरून ट्रम्पसमर्थकांच्या फेसबुक गटांत दुवा टाकायचा. वाचणारा दुव्यावर आला की गूगलच्या जाहिराती दिसणार, आणि त्यांचे पैसे वेलेसच्या बँकेत जमा होणार. हिलरी क्लिंटन यांनी २०१३ साली ट्रम्प यांची तारीफ केली होती, अशी एक धादांत खोटी बातमी यातल्याच एका संकेतस्थळानं चालवली. आठवड्याच्या आत तिला फेसबुकवर ४ लाख ८० हजार प्रतिसाद मिळाले. न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच सुमारास ट्रम्प यांच्या १९९५च्या करविवरणातला ९१ कोटी ६० लाख डॉलरचा तोटा उघड केला होता. महिना उलटून गेल्यावरही त्या बातमीचे प्रतिसाद १ लाख ७५ हजारांच्या घरात होते.

भारतीय पत्रकार समंथ सुब्रमणियन पुढे ‘वायर्ड’ मासिकासाठी वेलेसला गेले. तिथल्या एका अठरा वर्षांच्या मुलानं, त्यांनी त्याचं नाव बदललं आहे, ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत सोळा हजार डॉलरच्या आसपास कमावले होते. मॅसेडोनियातला सरासरी मासिक पगार तेव्हा ३७१ डॉलर होता. ट्रम्प निवडून यावेत की पडावेत, याचं त्या मुलाला काही सोयरसुतक नव्हतं. गावातल्या पोरांनी डाव्यांसाठीचा मजकूरही चालवून पाहिला होता, बर्नी सँडर्स यांच्या नावानं. तो तितका खपला नाही म्हणून सोडला.

वेलेसच्या या कहाणीत मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्याच काळात मॅसेडोनियाचं स्वतःचं राजकारण खदखदत होतं. २०१५ साली विरोधी पक्षनेत्यानं आरोप केला होता की सरकारनं वीस हजारांच्या आसपास नागरिकांचे फोन चोरून ऐकले. वीस लाखांच्या देशात वीस हजार! राजधानी स्कोप्येत मोर्चे निघत होते, २०१६च्या डिसेंबरात मुदतपूर्व निवडणूक होणार होती. लिहायला याहून मोठा विषय कुठला? पण मॅसेडोनियन भाषेतल्या वाचकावर जाहिरातदार काय देणार? मुलांनी घरची निवडणूक सोडून सातासमुद्रापलीकडची निवडणूक लढवली, कारण पैसे तिथे होते.

नऊ वर्षांनी, २०२५च्या नोव्हेंबरात, एक्सनं प्रत्येक खातं कुठल्या देशातून चालतं हे दाखवायला सुरुवात केली आणि एका दिवसात हशा पिकला. नावात गरुड, झेंडा, अमेरिका, ट्रम्प असं सगळं असलेली, लाखो अनुयायी बाळगून असलेली खाती पूर्व युरोप, नायजेरिया, थायलंड, बांगलादेशात निघाली. ट्रम्पना शिव्या घालणाऱ्या काही खात्यांचंही तेच. या माहितीत चुका असू शकतात, प्रवासामुळे किंवा व्हीपीएनमुळे ठिकाण भलतंच दिसू शकतं, हे खुद्द कंपनीनंच मान्य केलं. पण एकूण चित्र खोटं म्हणता येणार नाही. एक्स २०२३च्या जुलैपासून खातेदारांना उत्पन्नातला वाटा देतं आणि तो प्रतिसादांवर ठरतो. ढाक्यात बसून ढाक्याच्या राजकारणावर लिहिलं तर जिवाला घोर आणि हातात चिल्लर. अमेरिकेवर लिहिलं तर दोन्ही प्रश्न सुटतात.

म्हणून ‘अमेरिका आपलं राजकारण जगावर लादते’ हे नेहमीचं वाक्य मला अर्धंच पटतं. लादणारी एकटी अमेरिका नाही. तिच्या चव्हाट्यावर जगभरच्या गरजूंनी पाल ठोकले आहेत, आणि गर्दी पाहून येणाऱ्याला कळत नाही की भांडणारे किती आणि विकणारे किती.

*

कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, २०२२च्या जानेवारीअखेर ट्रकवाल्यांनी लसीच्या सक्तीविरुद्ध ठिय्या दिला. आंदोलनाच्या एका म्होरक्या बाईंना अटक झाली. जामिनाच्या सुनावणीत त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं, पहिल्या घटनादुरुस्तीनं आम्हाला हा हक्क आहे असं मला वाटलं होतं. न्यायाधीशबाई बुचकळ्यात पडल्या आणि त्यांनी विचारलं, ही पहिली घटनादुरुस्ती म्हणजे काय? कॅनडात भाषणस्वातंत्र्य १९८२च्या हक्कांच्या सनदेतून येतं. तो गृहस्थ शेजारच्या देशाची राज्यघटना घेऊन आपल्या देशाच्या कोर्टात उभा होता. लोक त्याला हसले. मला त्याची दया आली. वर्षानुवर्षं जे ऐकलं, पाहिलं, शेअर केलं, तेच तो बोलला.

आपल्याकडेही इंग्रजी वादांत ‘फर्स्ट अमेंडमेंट’ सर्रास ऐकू येते. भारताची पहिली घटनादुरुस्ती १९५१ची, आणि ती भाषणस्वातंत्र्य वाढवणारी नव्हे तर त्यावरच्या निर्बंधांची यादी लांबवणारी होती. तिच्यामागे जे खटले होते त्यातला एक रोमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’ या मुंबईहून निघणाऱ्या साप्ताहिकाचा. मद्रास सरकारनं त्यावर बंदी घातली, १९५०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उठवली, आणि सरकारनं घटनाच बदलली. मुंबईतला हा इतिहास मुंबईतल्या किती वादपटूंना ठाऊक असेल?

ही केवळ अज्ञानाची गोष्ट असती तर हसून सोडता आली असती. पण समाजमाध्यमांचे नियमच त्या एका देशाच्या कलानं हलतात. २०२१च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर जमाव चालून गेला. पुढच्याच महिन्यात फेसबुकनं जाहीर केलं की लोकांना राजकारणाचा वीट आलाय, म्हणून आम्ही फीडमधला राजकीय मजकूर कमी करून पाहतो. प्रयोग सुरू झाला तो कॅनडा, ब्राझील आणि इंडोनेशियात, मग अमेरिकेत. पुढच्या वर्षी ज्या ब्राझीलमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक होणार होती, तिथल्या मतदाराला राजकारण किती दिसावं हे कॅलिफोर्नियात ठरलं. चार वर्षांनी वारं फिरलं. २०२५च्या ७ जानेवारीला, ट्रम्प यांच्या शपथविधीला दोन आठवडे उरले असताना, मार्क झुकरबर्ग यांनी अमेरिकेतली बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यतपासणी बंद करत असल्याचं सांगितलं. राजकीय मजकूर परत आणणार, आणि नियमांवर काम करणारी पथकं कॅलिफोर्नियातून टेक्सासला हलवणार, असंही. दोन आठवड्यांनी ते शपथविधीत मानाच्या जागी होते. शेजारी गूगलचे सुंदर पिचाई, ॲमेझॉनचे बेझोस, आणि एक्सचे मस्क.

आपल्या कायद्यानं वागा, असं या कंपन्यांना कुणी सुनावलं तर काय होतं तेही ब्राझीलनं पाहिलं. तिथले न्यायमूर्ती अलेक्झांद्रे द मोराइस यांनी २०२४च्या ऑगस्टअखेर एक्सवर देशभर बंदी घातली. कंपनीनं दंड भरून, स्थानिक प्रतिनिधी नेमून ऑक्टोबरात परवानगी मिळवली. तिथे विषय संपायला हवा होता. २०२५च्या जुलैत ट्रम्प यांनी पत्र लिहून ब्राझीलच्या मालावर ५० टक्के आयातशुल्काची धमकी दिली. त्या पत्रात ब्राझीलचे माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरच्या खटल्याबरोबर अमेरिकी समाजमाध्यमांना दिलेल्या आदेशांचीही तक्रार होती. महिना संपता संपता मोराइस यांच्यावर अमेरिकेनं निर्बंध घातले.

*

आता दुसरी बाजू, जिची चर्चा कमी होते. सगळं लक्ष एकीकडे असेल तर दुसरीकडे पहारा नसतो.

फ्रान्सिस हॉगन या कर्मचारी बाईंनी २०२१मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यातली एक नोंद न्यूयॉर्क टाइम्सनं छापली: खोट्या माहितीची वर्गवारी करण्यासाठी कंपनी जो वेळ खर्चते त्याचं ८७ टक्के अंदाजपत्रक एकट्या अमेरिकेसाठी आणि उरलेले १३ टक्के साऱ्या जगासाठी. उत्तर अमेरिकेतले वापरकर्ते मात्र रोजच्या वापरकर्त्यांच्या १० टक्केच. हे आकडे अपुरे आहेत, आमचे बाहेरचे तथ्यतपासनीस त्यात धरलेले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं. असतीलही अपुरे. ८७चे ६० केले तरी प्रश्न तोच राहतो.

या दुर्लक्षाची सर्वांत मोठी किंमत म्यानमारनं मोजली. तिथे फेसबुक म्हणजेच इंटरनेट होतं. रोहिंग्या मुस्लिमांविरुद्धचा विखार त्यावर वर्षानुवर्षं उघड चालला होता. रॉयटर्सच्या शोधानुसार २०१५च्या सुरुवातीला कंपनीत आक्षेपार्ह मजकूर तपासणारी, बर्मी येणारी माणसं होती दोन. २०१७च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या बांगलादेशात पळाले. संयुक्त राष्ट्रांच्या तथ्यशोधन मंडळानं फेसबुकवर ठपका ठेवला, आणि २०१८च्या नोव्हेंबरात कंपनीनं कबूल केलं की आम्ही पुरेसं केलं नाही.

भारताला मात्र सरसकट दुर्लक्षितांत घालता येणार नाही, हे इथेच सांगायला हवं. २०१९च्या अखेरीस फेसबुकनं निवडणुकांच्या दृष्टीनं देशांच्या पायऱ्या पाडल्या तेव्हा सर्वांत वरच्या पायरीवर तीन देश होते: अमेरिका, ब्राझील आणि भारत. पण वरच्या पायरीवर असून काय? त्याच वर्षी फेब्रुवारीत फेसबुकच्या एका संशोधकानं केरळमधला कुणी नवा वापरकर्ता असल्यासारखं खातं उघडलं आणि यंत्रणा जे सुचवेल ते मान्य करत गेला. पुलवामाचा हल्ला झाला आणि तीन आठवड्यांत त्या खात्यावर प्रेतांच्या चित्रांचा, द्वेषाचा, अफवांचा खच पडला. २०२१मध्ये कंपनीच्याच सांगण्यानुसार भारताच्या २२ अधिकृत भाषांपैकी पाचांमध्ये तिची यंत्रणा शिकवून तयार होती.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ला तिथल्या बाजारात मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं आली होती, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. जमावानं पाचजणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात देशभर अशा अफवांनी अनेक बळी घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचांनाच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि २०१९च्या जानेवारीत ती साऱ्या जगाला लागू केली. अमेरिकेबाहेरच्या घटनेनं जगाचा नियम बदलल्याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे. त्यासाठी किती मरावं लागलं, ते पाहिलं म्हणजे झालं.

*

२०२०च्या २५ मे रोजी मिनियापोलिसमध्ये एका पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवला. आपल्याला श्वास घेता येत नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पुढच्या दोन आठवड्यांत ब्रिस्टलमध्ये गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा बंदरात फेकला गेला, आणि पॅरिसमध्ये २०१६ साली पोलिसांच्या ताब्यात मेलेल्या आदामा त्राओरेसाठी हजारो लोक रस्त्यावर आले. लंडनच्या मोर्चात लोक हात वर करून गोळी घालू नका असं ओरडत होते, ज्या पोलिसांपुढे ओरडत होते त्यांच्यापैकी बहुतेकांकडे बंदूकच नव्हती.

ऑस्ट्रेलियात मात्र नक्कल नव्हती. डेव्हिड डन्गे हा आदिवासी तरुण २०१५च्या डिसेंबरात सिडनीच्या लाँग बे तुरुंगात मेला. तुरुंगाच्या पहारेकऱ्यांनी त्याला पालथा दाबून धरलं होतं, आणि श्वास घेता येत नाही हे तो बारा वेळा म्हणाला होता. चित्रफीतही आहे. पोलीस आणि तुरुंगातल्या आदिवासींच्या मृत्यूंवर तिथे १९८७ ते १९९१ एक शाही आयोग बसला होता, त्यानंतरही शेकडो मेले. डन्गेची आई वर्षानुवर्षं न्याय मागत होती. जगानं तिच्याकडे मान वळवली ती मिनियापोलिसनंतर.

आणि त्याच जूनमध्ये तमिळनाडूतल्या सातानकुळमला जयराज आणि बेनिक्स या बापलेकांना टाळेबंदीत मोबाइलचं दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी नेलं. दोघंही मारहाणीनं मेले. बातमी देशभर पसरली ती गायिका सुचित्रानं इंग्रजीत चित्रफीत करून टाकल्यावर, आणि लगोलग त्यांना ‘भारताचे जॉर्ज फ्लॉइड’ म्हटलं जाऊ लागलं. त्या उपाधीचा उपयोग झाला हे नाकारता येणार नाही. मात्र कोठडीतले मृत्यू आपल्याकडे फ्लॉइडच्या आधी होते, नंतरही आहेत. २०२४च्या डिसेंबरात परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेवरून उसळलेल्या उद्रेकात धरलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. महाराष्ट्रात त्यावरून रान पेटलं. जगाच्या फीडवर त्या आठवड्यात जोडायला अमेरिकेतला मृत्यू नव्हता, आणि परभणी तिथे पोचली नाही.

अमेरिकेकडे पाहणं महाराष्ट्राला नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. पुण्यात बसून तिथली यादवी, तिथली मुक्ती त्यांनी वाचली, आणि तिच्या उजेडात इथल्या भटशाहीचा हिशेब मांडला. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९४६मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं, कारण तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. इथल्या अस्पृश्यांसाठी तसंच काही करता येईल का, हे त्यांच्या मनात होतं. १९७२मध्ये मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीनं दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव घेतलं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं. भांडण मात्र वरळीचं आणि मराठवाड्याचं राहिलं. फुले, बाबासाहेब आणि पँथर, या तिघांनीही अमेरिकेतून हवं ते मागून घेतलं. न मागता त्यांच्या पुढ्यात काही येऊन पडलं नव्हतं, आणि जे घेतलं त्यानं इथला विषय झाकला गेला नाही, उघडा पडला.

आजचा मराठी माणूस फीडवर अमेरिका पाहतो तेव्हा तो नुसता बघ्या असतो असंही नाही. पोरगी न्यू जर्सीत असते, भाचा डॅलसला असतो. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’ लिहून मराठी घरांत पोचलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून निवडून जातात आणि २०२५मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव मांडतात. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर भारतीय मालावर ५० टक्के शुल्क बसलं तेव्हा ती परक्याची बातमी राहिली नव्हती.

अडचण अशी की उपयोगाचं आणि बिनउपयोगाचं एकाच नळातून येतं. १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. ट्रम्प यांनी एच-वनबी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काच्या आदेशावर सही केली. वाणिज्यमंत्री म्हणाले, हे दर वर्षी. रविवारी पहाटेपासून लागू. भारतात सुट्टीवर आलेल्यांना कंपन्यांनी ताबडतोब परतायला सांगितलं. सॅन फ्रान्सिस्कोत विमानात बसलेले भारतीय प्रवासी उड्डाणाआधी खाली उतरले, न जाणो परत येता आलं नाही तर. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या तिकिटांचे भाव भडकले. रात्रभर फीडवर हजारो जाणकार होते: काहींनी ट्रम्प कसे बरोबर हे सांगितलं, काहींनी मोदी कसे हरले हे, भारतीयांना शिव्या घालणारी झेंडेवाली खातीही जोरात होती. ज्याला फक्त एवढंच हवं होतं की माझा व्हिसा आधीचा आहे, मला हे लागू आहे का, त्याला त्यांच्यात उत्तर सापडणं मुश्कील होतं. शनिवारी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या कॅरोलाइन लेव्हिट यांनी खुलासा केला की शुल्क एकदाच आहे, नव्या अर्जांनाच आहे, आणि ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांनी खुशाल ये-जा करावी. तो खुलासाही त्यांनी एक्सवरच टाकला. तोवर कित्येकांनी दुप्पट-तिप्पट भावाची तिकिटं काढून झाली होती.